रात्रीचं विमान आणि हातात ओसाकाचा एक अख्खा दिवस: कसा घालवायचा

जपानची ट्रिप ठरवताना आपली माणसं टोकियोचा एकेक तास लिहून काढतात, क्योटोची देवळं क्रमाने लावतात आणि शेवटच्या दिवसापुढे नुसतं "ओसाका, रात्री फ्लाईट" एवढं लिहून मोकळी होतात. मग त्या दिवशी सकाळी दहा-अकराला हॉटेलची रूम सोडावी लागते, विमान असतं रात्री साडेबाराचं, सोबत चार-पाच बॅगा, एखादं लहान मूल, सासू-सासरे, आणि आता करायचं काय ते कुणालाच माहीत नसतं, म्हणून दुपारी तीनलाच एअरपोर्ट गाठून सगळे खुर्च्यांवर बसून राहतात. मला हे ऐकून खरंच हळहळ वाटते. आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीतून हल्ली बरीच कुटुंबं जपानला जायला लागलीत आणि प्रत्येक जण निघायच्या आधी हेच विचारतो, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवतेय.

माझं म्हणणं एवढंच की शेवटच्या दिवशी आधी परतीचा रस्ता ठरवा आणि मग त्याच रस्त्यावर जे ओसाका लागतं तेवढंच बघा. अख्खं शहर बघायचा हट्ट नको. ओसाकात हे छान जमतं, कारण शहराचा सगळ्यात जिवंत भाग म्हणजे नांबा, आणि नांबाहूनच नानकाई कंपनीची ट्रेन थेट कान्साई एअरपोर्टच्या आत जाते, मध्ये कुठे बदलायची गरज नाही. त्यामुळे शेवटच्या रात्रीचं हॉटेलही नांबाच्या आसपासच घ्या, शहराच्या उत्तरेकडच्या उमेदाला चार पैसे स्वस्त मिळत असलं तरी.

आधी तारीख बघा

तिकिटावर १५ तारीख आणि ००:३० लिहिलंय म्हणजे तुम्हाला १४ तारखेच्या रात्री एअरपोर्टवर असायचंय. हे लिहायला सोपं वाटतं पण आमच्याच सोसायटीतल्या एका कुटुंबाने हॉटेल १५ पर्यंत घेतलं होतं आणि १४ ला रात्री जेवताना मुलाने सहज ॲप उघडलं तेव्हा कळलं की चेक-इन चालू झालंय. बँकॉक, सिंगापूर, हाँगकाँग असं करत मुंबईला येणाऱ्या बऱ्याच फ्लाईट्स कान्साईहून मध्यरात्रीच्या आसपास सुटतात, तेव्हा ही गोष्ट घरातल्या दोन वेगवेगळ्या माणसांनी तपासा.

मग उलटा हिशोब करा. विमान १२:३० ला, टर्मिनलमध्ये ९:३० ला पोचायचं, नांबाहून ट्रेनला ४० ते ४५ मिनिटं, त्याआधी बॅगा ताब्यात घेणं, स्टेशनमध्ये वर चढणं, कुणाला तरी ऐनवेळी बाथरूमला जायचं असतं ते, या सगळ्याला एक तास. म्हणजे साडेसातला तुम्ही हॉटेलच्या लॉबीत हवेत. सकाळी दहा ते संध्याकाळी साडेसात म्हणजे साडेनऊ तास तुमच्याकडे आहेत. त्यातलेही दोन तास मोकळे सोडून द्या, त्यात काहीच ठरवू नका, का ते पुढे सांगते.

आणि "रात्री उशिरा निघू, काय होतंय" हा विचार करू नका. जपानमध्ये मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत ट्रेन बंद असतात आणि एअरपोर्टची शेवटची गाडी त्याच्याही बरीच आधी सुटते. टॅक्सीने एवढ्या लांब जायचं तर जे बिल होईल त्यात ठाण्याला महिन्याचं किराणा सामान येईल.

व्हिसाचं थोडक्यात. जपानमध्ये फक्त विमान बदलताय आणि मधल्या वेळात शहरात यायचंय तरी भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्यांना टुरिस्ट ई-व्हिसा मिळतो पण तो एकाच एंट्रीचा असतो, मध्येच कोरियाला जाऊन परत ओसाकात शिरू असं त्यावर होत नाही. आणि तो एअरपोर्टवर ऑनलाईन उघडूनच दाखवावा लागतो, स्क्रीनशॉट किंवा प्रिंट चालत नाही, म्हणून विमानातून उतरल्या उतरल्या नेट चालू होईल अशी सोय ठाण्यातूनच करून निघा.

बॅगा

दिवस चांगला जाणार की वाईट हे बॅगांवर ठरतं. सगळ्यात सोपा आणि फुकटचा उपाय म्हणजे ज्या हॉटेलमधून चेक-आउट केलंय तिथेच रिसेप्शनला ठेवणं. जवळजवळ सगळी हॉटेलं ठेवतात, बिल्ला देतात, बॅगांवर जाळी टाकून ठेवतात. बिल्ल्याचा फोटो काढा आणि रिसेप्शन किती वाजेपर्यंत उघडं आहे ते तोंडाने विचारा, कारण छोट्या हॉटेलांत संध्याकाळनंतर माणूसच नसतो असंही असतं.

त्याच दिवशी सकाळी क्योटोहून किंवा टोकियोहून येत असाल तर स्टेशनवरचे कॉईन लॉकर. नांबात लॉकर भरपूर आहेत पण मोठी बॅग मावेल असे कमी, आणि शनिवार-रविवारी सकाळी दहाच्या पुढे ते भरलेलेच दिसतात. जुन्या लॉकरना १०० येनची नाणीच लागतात. नवीन लॉकर रेल्वे कार्डवर चालतात आणि तिथे एक लक्षात ठेवा, ज्या कार्डने लॉकर बंद केला तेच कार्ड त्याची किल्ली असतं. ते कार्ड नवऱ्याकडे आणि नवरा दुसऱ्या टोकाला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात, असं झालं की सगळे उभे. लॉकरचा नंबर आणि त्याच्या शेजारच्या दुकानाची पाटी, दोन्हीचे फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाका, कारण नांबाच्या जमिनीखाली सगळे कोपरे एकसारखे दिसतात. टोकियोहून शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने येताना बॅगेची लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर जात असेल तर सीट बुक करतानाच मोठ्या सामानाची जागा असलेली सीट घ्यावी लागते.

तिसरा उपाय मला स्वतःला सगळ्यात आवडतो. आधीच्या शहरातूनच कुरियरने मोठ्या बॅगा थेट कान्साई एअरपोर्टच्या काउंटरवर पाठवायच्या. काळ्या मांजरीचं चिन्ह असलेली यामातो कंपनी हे करते, हॉटेलचं रिसेप्शनच फॉर्म भरून देतं. पण किमान दोन दिवस आधी द्या आणि एअरपोर्टचं काउंटर रात्री किती वाजता बंद होतं ते बघून घ्या, मध्यरात्रीच्या विमानाला हेच आडवं येतं. पॉवर बँक त्या बॅगेत ठेवू नका.

बघायचं काय

सकाळी कुरोमोन मार्केट. नांबाच्या पूर्वेला, छत असलेली लांबलचक गल्ली, दोन्ही बाजूला मासे, फळं, लोणची, मोची. संध्याकाळी लवकर आवरतात म्हणून हे सकाळीच. भाव टुरिस्टांचेच आहेत, तेव्हा पोटभर जेवायला जाऊ नका, फिरा, एखादी स्ट्रॉबेरीची काडी मुलांना घ्या. चालता चालता खायचं नाही, ज्याच्याकडे घेतलं त्याच्याच समोर उभं राहून खायचं आणि काडी-कागद त्यालाच परत द्यायचा, कारण रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळजवळ नाहीतच.

तिथून पाच-सात मिनिटांवर सेन्निचिमाए दोगुयासुजी. ही गल्ली प्रत्येक मराठी बाईने बघायलाच हवी असं माझं ठाम मत आहे. अख्खी गल्ली स्वयंपाकघराच्या सामानाची, हॉटेलवाले इथून खरेदी करतात. तवे, किसण्या, चाळण्या, ताकोयाकीचे (ऑक्टोपस घातलेल्या गोळ्यांचे) साचे जे आपल्याला अप्प्यांना चालतील असे दिसतात, आणि सुऱ्या. ओसाकाच्या शेजारचं साकाई शहर सुऱ्यांसाठी शेकडो वर्षं प्रसिद्ध आहे आणि तिथला माल इथे मिळतो. माझ्या सासूबाईंनी एका दुकानात भाजीची रुंद, चौकोनी पात्याची सुरी उचलली, तिचा तोल बोटावर घेऊन बघितला, आणि दुकानदार आजोबांनी काही न बोलता टोमॅटो पुढे ठेवला. सासूबाईंनी एक चकती कापली, इतकी पातळ की पलीकडचं दिसत होतं. "अगं, हिला जोर लावावाच लागत नाही," एवढंच म्हणाल्या आणि दोन घेतल्या, एक शेजारच्या काकूंसाठी. काही दुकानांत पात्यावर नाव कोरून देतात, कोणत्या लिपीत जमेल ते विचारा.

पण सुरी हातातल्या बॅगेतून विमानात नेता येत नाही, ती चेक-इन बॅगेतच जायला हवी. म्हणजे मोठी बॅग आधीच कुरियरने एअरपोर्टला गेली असेल तर तिथे काउंटरवर घेऊन, उघडून, सुरी आत घालून मगच चेक-इन. त्यासाठी बॅगेत थोडी जागा आणि वजनात एक-दोन किलो शिल्लक ठेवा. दुकानात पासपोर्ट दाखवला की ५,००० येनच्या वरच्या खरेदीवर १० टक्के टॅक्स तिथल्या तिथे कापला जात असे, १ नोव्हेंबर २०२६ पासून मात्र आधी पूर्ण पैसे भरायचे आणि देश सोडताना एअरपोर्टवर तपासणी होऊन परत मिळायचे, अशी पद्धत आहे, तेव्हा त्यानंतर जाणाऱ्यांनी एअरपोर्टवरचा वेळ आणखी वाढवून धरा.

दुपारच्या उन्हात किंवा पावसात म्हातारी माणसं थकतात. तेव्हा मिदोसुजी मेट्रोने तेन्नोजी, दहा मिनिटांच्या आत. तिथे शितेन्नोजी मंदिर आहे, इसवी सन ५९३ मध्ये राजपुत्र शोतोकूने सुरू केलेलं, इमारती नंतर पुन्हा पुन्हा बांधलेल्या पण मांडणी जुनीच. आणि स्टेशनला लागूनच आबेनो हारुकास ही ३०० मीटरची बिल्डिंग. वरच्या टोकाचं तिकीट महाग आहे, पण सोळाव्या मजल्यावरची बाग फुकट आहे, बसायला जागा, खाली सगळं शहर. सासऱ्यांना तिथे बसवून आम्ही निवांत कॉफी घेतली, आणि त्यांना तिथेच सगळ्यात जास्त आवडलं.

गणपतीवाल्यांसाठी खास. जपानमध्ये आपला विनायक पोचलाय, बौद्ध मार्गाने, तिथे त्याला कांगितेन किंवा शोतेन म्हणतात. ओसाकात फुकुशिमा भागात र्योतोकुइन नावाचं त्याचं देऊळ आहे, लोक फुकुशिमा शोतेन म्हणून ओळखतात. मूर्ती दर्शनाला खुली नसते, ती झाकलेलीच ठेवायची परंपरा आहे, पण शोतेनच्या देवळांत जिकडे तिकडे एकमेकांत गुंतलेल्या दोन मुळ्यांचं चिन्ह दिसतं, कारण नैवेद्य पांढऱ्या मुळ्याचा असतो. हे आपल्या रस्त्यावरचं नाही, उलट्या दिशेला आहे, त्यामुळे सकाळी पहिल्यांदा जाऊन आलात तरच. आम्ही गेलो होतो. मुळ्याचं चिन्ह बघून मावशींनी हात जोडले आणि अथर्वशीर्ष म्हटलं हळू आवाजात, कुणी काही म्हटलं नाही.

आणि मग संध्याकाळी दोतोनबोरी. कालवा १६१५ साली पुरा झाला, तेव्हापासून हा भाग नाटकं आणि खाण्याचा. एबिसुबाशी पुलावरून तो दोन्ही हात वर करून धावणारा ग्लिको या खाऊच्या कंपनीच्या जाहिरातीतला माणूस दिसतो, पहिली पाटी १९३५ ची, आत्ताची एलईडीची २०१४ पासून. यात वेळेचा एक घोळ आहे तो नीट समजून घ्या. दिवे सूर्यास्तानंतर लागतात. डिसेंबरमध्ये ओसाकात पाचच्या आधी सूर्य मावळतो म्हणून साडेपाचला सगळं झगमगतं आणि तुमच्याकडे भरपूर वेळ असतो. जूनमध्ये मावळायलाच सव्वासात होतात, म्हणजे साडेसातला लॉबीत पोचायचं असेल तर दिवे तुम्हाला मिळणारच नाहीत. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी दोतोनबोरी आदल्या रात्रीच उरकावं आणि शेवटच्या संध्याकाळी नुसतं होझेनजीला जावं.

होझेनजी अगदी जवळ, दोतोनबोरीच्या मागच्या दगडी गल्लीत. एवढंसं देऊळ. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात इमारती जळाल्या पण फुदोची मूर्ती राहिली, फुदो म्हणजे आपल्याकडच्या वज्रयान बौद्ध पंथातला अचल हा देव. लोक येता-जाता लाकडी डावाने पाणी घेऊन त्याच्या अंगावर ओततात आणि वर्षानुवर्षांच्या पाण्याने सगळ्या मूर्तीवर जाड हिरवं शेवाळ चढलंय, चेहरा, तलवार काहीच वेगळं ओळखू येत नाही. जवळून बघितलं की शेवाळाच्या टोकाटोकाला थेंब लटकलेले असतात. ऑफिसातून सुटलेली माणसं बॅग खाली ठेवून पाणी घालतात, क्षणभर थांबतात, निघून जातात. सोबतच्या म्हाताऱ्या माणसांना इथे काही समजावून सांगावं लागत नाही.

खाण्याचं सांगते. मांसाहारी असाल तर ताकोयाकी, ओकोनोमियाकी (कोबीचं जाड धिरडं), तेन्नोजीजवळच्या शिनसेकाई भागातली कुशिकात्सू (काडीला लावून तळलेले तुकडे), मजा आहे, फक्त सामायिक सॉसच्या भांड्यात एकदा चावलेली काडी परत बुडवायची नाही. शाकाहाऱ्यांचं मात्र अवघड आहे, साध्या दिसणाऱ्या उदोन नूडल्सच्या रश्श्यात आणि ओकोनोमियाकीच्या पिठातसुद्धा माशाचा अर्क असतो, "नो मीट" म्हटलं तरी मासे येतातच, तेव्हा मासे आणि माशाचा रस दोन्ही नको असं फोनवर जपानीत लिहून ठेवा आणि दाखवा. कन्व्हीनियन्स स्टोअरमध्ये आंबट प्लमची किंवा कोंबूची (समुद्री शेवाळाची) ओनिगिरी म्हणजे भाताचा गोळा, केळी, दही, साधा भात मिळतो, पण ओनिगिरीचंही लेबल कॅमेऱ्याने भाषांतर करून बघाच. नांबाच्या आसपास भारतीय रेस्टॉरंट्स आहेत, शेवटच्या दिवशी दुपारी एक डाळ-भात पोटात गेला की घरातले मोठे खूश होतात आणि विमानात पोट बिघडत नाही. चतुर्थी किंवा गुरुवार येत असेल तर थालीपीठाची भाजणी नाही पण दशम्या आणि चटणी ठाण्यातून न्या, टिकतात.

त्या दिवशी शहरात काही उत्सव आहे का

हे तिकीट काढतानाच बघा कारण एकतर तुम्हाला लॉटरी लागलेली असते किंवा गर्दीत अडकायची वेळ येते. २४-२५ जुलैला तेन्जिन मात्सुरी, २५ ला संध्याकाळी नदीत बोटींची मिरवणूक आणि आतषबाजी, ते बघून त्याच रात्री विमान पकडायचा विचारही करू नका. ९ ते ११ जानेवारीला नांबाच्या दक्षिणेला इमामिया एबिसूची जत्रा, व्यापारी बांबूच्या फांद्या घेऊन जातात, ही मात्र दिवसा सहज बघून होते.

आणि सप्टेंबरात किशिवादाची दान्जिरी. किशिवादा हे नांबा आणि एअरपोर्टच्या मधलं, त्याच नानकाई लाईनवरचं गाव. तिसऱ्या सोमवारच्या सुट्टीच्या आधीच्या शनिवार-रविवारी तिथे चार-चार टन वजनाचे कोरीव लाकडी रथ शेकडो माणसं दोरांनी ओढत पळवतात, आणि चौकात वेग कमी न करता वळवतात, रथाच्या छपरावर एक माणूस नाचत असतो. ढोल, बासरी, "सोर्या सोर्या" असा घोष. दहीहंडीच्या गर्दीत लहानाचे मोठे झालेल्या ठाणेकरांना काय होतं ते मी सांगायला नको. एअरपोर्ट एक्सप्रेस किशिवादाला थांबते, पण बॅगा घेऊन उतरू नका, सकाळी रिकाम्या हाताने जा, वळणाच्या आतल्या बाजूला उभं राहू नका, तिथे घरांच्या भिंतींना रथ घासतात, आणि दुपारी नांबाला परत या.

काही हरवलं तर

त्या दोन मोकळ्या तासांचं आता सांगते. तेन्नोजीहून परत येताना सासूबाई आणि मावशी मिदोसुजी लाईनच्या बायकांच्या डब्यात बसल्या, आम्ही शेजारच्या. नांबाला उतरलो, वर आलो आणि मावशी थबकल्या. "माझी पिशवी." पिशवीत त्यांचा पासपोर्ट, शुगरच्या गोळ्या आणि जवळचा चष्मा.

गेटवरच्या माणसाने शांतपणे प्रश्न विचारले: किती वाजता उतरलात, गाडी कुठल्या दिशेची, कितवा डबा. डबा आम्हाला पक्का सांगता आला कारण बायकांचा डबा म्हणजे सहा नंबर, प्लॅटफॉर्मवर गुलाबी रंगात लिहिलेलंच असतं. त्याने पुढे फोन लावला, आम्ही उभे, मावशींचा चेहरा उतरलेला, सासूबाईंनी त्यांचा हात धरून ठेवलेला. थोड्या वेळाने त्याने कागदावर "शिन-ओसाका" लिहून दिलं. तिथे जाऊन नाव सांगितलं, आतल्या पासपोर्टवरचा फोटो आणि मावशींचा चेहरा त्यांनी ताडून बघितला, सही घेतली आणि पिशवी दिली, गोळीचं पाकीटसुद्धा जसंच्या तसं. सगळ्यात दीड तास गेला. वेळ आधीच सोडलेला होता म्हणून कुणाला धावावं लागलं नाही, फक्त ठरवलेली बोटीची फेरी राहिली.

म्हणून ट्रेनमध्ये चढताना प्लॅटफॉर्मच्या जमिनीवरचा डब्याचा आणि दाराचा नंबर बघायची सवय घरातल्या एका मुलाला लावा, मुलं हे काम आवडीने करतात. रस्त्यावर काही पडलं तर जवळच्या पोलीस चौकीत, कोबानमध्ये जा, लोक सापडलेलं तिथेच आणून देतात. पासपोर्ट मिळालाच नाही तर पोलिसांकडून हरवल्याचा दाखला घ्या आणि ओसाकातलं भारताचं कॉन्सुलेट गाठा, त्याचा पत्ता-फोन आधीच सेव्ह करून ठेवा. पोलीस ११०, ॲम्ब्युलन्स ११९.

एअरपोर्टचा रस्ता

नांबा नावाची स्टेशनं बरीच आहेत: नानकाई नांबा, मेट्रोचं नांबा, ओसाका-नांबा, जेआर (म्हणजे जपान रेल्वे) नांबा, आणि एकातून दुसऱ्यात जायला बॅगांसकट दहा-पंधरा मिनिटं सहज. तुम्हाला हवं ते नानकाई नांबा, ताकाशिमाया डिपार्टमेंट स्टोअरच्या बिल्डिंगमधलं, वर चढून जायचं. दोन प्रकारच्या गाड्या. एअरपोर्ट एक्सप्रेस साधी, हजार येनच्या आत, बसायला मिळेल तर मिळेल. राप्पीत निळी, गोल खिडक्यांची, सगळ्या सीट रिझर्व्ह, थोडी महाग आणि जरा लवकर पोचवणारी. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मोठ्या बॅगा आणि म्हातारी माणसं असतील तर राप्पीतच घ्या, ते पैसे सत्कारणी लागतात.

तेन्नोजी किंवा ओसाका स्टेशनवरून जेआरने जाणार असाल तर हारुका एक्सप्रेस सरळ आहे, पण स्वस्तातली कान्कू रॅपिड घेताना डबा बघून बसा. हिनेनो स्टेशनवर ही गाडी मधून तुटते, पुढचे डबे एअरपोर्टला, मागचे वाकायामाला. आपल्या कल्याणला निदान अख्खी गाडी एकाच बाजूला जाते, कर्जत नाहीतर कसारा, इथे एकाच गाडीत बसलेल्यांची ताटातूट होते. डब्यावर आणि आतल्या स्क्रीनवर लिहिलेलं असतं, कळलं नाही तर मोठी बॅग घेतलेली माणसं कुठे बसलीत ते बघा, आणि हिनेनोला गाडी थांबते तेव्हा पळत डबा बदलता येतो.

आणि दुसरा रस्ता माहीत असू द्या. त्या संध्याकाळी नांबाला खारघरचं एक कुटुंब भेटलं, आमचं मराठी ऐकून काका स्वतःच पुढे आले. त्यांच्याकडे दुसऱ्या एका लाईनची तिकिटं होती, त्या लाईनवर गाड्या थांबल्या होत्या, कुणीतरी सांगितलं म्हणून ते इकडे आले होते आणि आता काय करावं कळत नव्हतं.

"काका, फ्लाईट कितीची?"

"पावणेबारा. त्या तिकिटाचे पैसे गेले का हो आमचे?"

"ते नंतर बघू, आधी ही तिकिटं काढा, दहा मिनिटांत गाडी आहे."

आमच्याच गाडीने आले, वेळेत पोचले. नानकाई बंद तर जेआर, जेआर बंद तर नानकाई, दोन्ही बंद तर लिमोझिन बस, ती नांबाजवळच्या ओकॅट बस टर्मिनलवरून आणि उमेदाहून सुटते, साधारण तासाभराची. तिकीट आहे म्हणून बंद लाईनवर वाट बघत बसू नका.

ऑगस्ट ते ऑक्टोबर वादळांचे दिवस. कान्साई एअरपोर्ट समुद्रात भर घालून केलेल्या बेटावर आहे, १९९४ साली सुरू झाला, आणि जमिनीशी जोडणारा पूल एकच, रस्ता आणि रेल्वे दोन्ही त्यावरूनच. ४ सप्टेंबर २०१८ ला जेबी वादळात एक टँकर त्या पुलावर येऊन आदळला, धावपट्टीवर पाणी आलं आणि हजारो माणसं बेटावर अडकली. आता रेल्वेवाले मोठं वादळ येणार असेल तर आदल्या दिवशीच गाड्या बंद करणार असल्याचं जाहीर करतात. असं काही दिसलं तर फिरणं सोडा, एअरलाईनचा मेसेज बघा, विमान उडणार असेल तर गाड्या चालू आहेत तोवर निघा. नुसता जोराचा पाऊस असेल तर रिंकू टाऊन चांगलं, एअरपोर्टच्या अलीकडचं एकच स्टेशन, तिथे मोठा आउटलेट मॉल आणि समोर समुद्र, उरलेले तास तिथे काढता येतात.

शेवटचं काम एअरपोर्टवर

स्टेशनमधून बाहेर पडलात की समोर टर्मिनल १, स्वस्त एअरलाईन्सपैकी काही टर्मिनल २ वरून सुटतात, तिथे फुकट बस जाते. इकोका (ओसाकाकडचं रेल्वे कार्ड) परत करायचं असेल तर जेआरच्या काउंटरवर होतं, ५०० येन डिपॉझिट मिळतं, पण कार्डात शिल्लक असेल तर त्यातून २२० येन कापतात, म्हणून आधी दुकानात पाणी-बिस्किटं घेऊन शिल्लक शून्यावर आणा. टोकियोचं रेल्वे कार्ड सुईका इथे परत होत नाही, ते दुकानातच संपवा. नाणी ठाण्यात कुणी बदलून देत नाही, तीही इथेच खर्च करा.

सुऱ्या मोठ्या बॅगेत, पॉवर बँक हातातल्या बॅगेत. जुलै २०२५ पासून जपानच्या विमानांत पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला बंदी आहे, ती समोरच्या खिशात किंवा जवळच दिसेल अशी ठेवायची. मोठी बॅग इथे निर्धास्तपणे सोपवा, हा एअरपोर्ट सुरू झाल्यापासून तीस वर्षं एकही बॅग न हरवल्याबद्दल जगभर नावाजला गेलाय. सिक्युरिटीनंतर गेटपर्यंत छोट्या शटल ट्रेनने जावं लागू शकतं, टर्मिनल दीड किलोमीटरपेक्षा लांब आहे, म्हणून दुकानांत रेंगाळायचं असेल तर आधी गेट कुठे आहे ते बघून या. व्हीलचेअर हवी असेल तर ती एअरलाईनला दोन दिवस आधी कळवा, आणि मुंबईला उतरल्यावर ठाण्यापर्यंतची गाडीही इथूनच, वायफाय आहे तोवर, बुक करून ठेवा.